चंद्रप्रभाबाईंचा कान

नांदेडात गाण्यातलं काही विचारायचं असलं की माणसं वजिराबादेत चंद्रप्रभाबाईंच्या घरी जात. मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात संगीत शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत बैठक भरायची. खाली सतरंजी, कोपऱ्यात नीट राखलेला रेकॉर्ड प्लेअर आणि आल्याचा चहा. काय ऐकायचं ते बाई ठरवत. आधी एक अक्षर न बोलता ऐकवत, मग त्यात काय होतं ते सांगत आणि मग तेच पुन्हा ऐकवत. दुसऱ्यांदा ऐकताना माणसांचे चेहरे बदलायचे. ते बदललेले चेहरे हीच बाईंची पेन्शन, असं त्यांचे यजमान हयात असताना म्हणायचे. तानसेन आपोआप निपजतात, कानसेन घडवावे लागतात, हे बाईंचं लाडकं वाक्य. त्यावरूनच कुणीतरी चेष्टेनं बैठकीला ‘कानसेन मंडळ’ म्हटलं आणि तेच नाव कायम झालं.

बाईंना आपल्या कानाचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. एकदा गावातल्या मोठ्या मैफलीत त्या मागच्या रांगेतून उठल्या, सरळ मंचाजवळ गेल्या आणि तानपुऱ्याची एक तार उतरल्याचं गायकाच्या कानात सांगून आल्या. गायकानं तार पाहिली, ती उतरलेलीच होती. बाई परत जागेवर येऊन बसल्या, त्या ताठ मानेनंच.

पण अलीकडे सतरंजीवरची माणसं विरळ होत चालली होती. कुणाचे गुडघे दुखत, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं. जे गावातच होते त्यांचं म्हणणं वेगळं होतं. आता फोनच सुचवतो की काय ऐकायचं ते, मग सकाळी सकाळी आंघोळ उरकून कशाला धावायचं? बाईंना हे लागलं. आणि फोनची बाजू घेऊन वाद घालायला तर घरचंच माणूस होतं, त्यांचा पुतण्या आलोक.

आलोक विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. काकूवर त्याचा जीव होता आणि वादही तो तिच्याशीच घालायचा. ही यंत्रं कशी चालतात, एकाला आवडलेलं दुसऱ्यापुढं कसं ठेवतात, हे त्यानं तिला कितीदा समजावलं होतं. बाई सगळं ऐकून घ्यायच्या. एका रविवारी मात्र त्या म्हणाल्या, “तुझा फोन माणसाला त्याच्या आवडीचंच आणून देतो, आलोक. मी या खोलीत माणसांना न आवडणारंच दिलं. आवडेपर्यंत देत राहिले.”

“खरंय काकू,” आलोक म्हणाला. “पण ते या खोलीत आलेल्यांना. तिकडं हिमायतनगरच्या एखाद्या पोरीनं काय करायचं? तिच्याकडे तू कधी जाणार होतीस?”

 बाईंनी चहाचे कप गोळा करायला घेतले.

उज्वला ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. घर हदगावचं, शेतकऱ्याचं. शाळेसाठी ती नांदेडला मावशीकडे राहिली होती. शाळेच्या समूहगानात मुख्य आवाज तिचा कधीच नव्हता. बाईंनी तिला झील धरायला लावलं होतं, म्हणजे पुढचीनं ओळ सोडली की मागून ती उचलायची, तिचा सूर पडू द्यायचा नाही. ते काम सगळ्यांत अवघड, आणि ते उज्वलालाच जमतं, असं बाई सगळ्या वर्गादेखत सांगत. आता ती हिमायतनगरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. हदगावहून रोज बसनं ये-जा, कानात फोनच्या तारा. एखादा रविवार साधला की ती बैठकीला येई, कोपऱ्यात बसे आणि ऐकून जाई. कधी काही मागत नसे.

म्हणून त्या पावसाळ्यात एका रविवारी तिनं विचारलं, तेव्हा बाईंना नवल वाटलं. फोनमधलं एक गाणं ऐकवू का, असं ती विचारत होती. फोन सतरंजीवर आणायचा नाही, हा या घरचा नियम. बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आलोकनं फोन स्पीकरला जोडला.

आधी टाळ्यांचा ठेका आला, बायका फेर धरतात तसा. मग एक आवाज उठला. रुंद, उन्हात वाळलेला, कशाचीही पर्वा नसलेला.

मांजरेच्या पान्या, थांब रं घडीभर
अव्वा येती माझी, भरू दे घागर

पंचमीचं गाणं होतं. माहेरी आलेली लेक नदीला थांबायला सांगते, आईची घागर भरेपर्यंत. चाल साधी, पण ओळीच्या शेवटी सूर जिथं टेकायला हवा तिथं टेकत नव्हता. तो थोडा वर जाऊन थांबत होता आणि तिथून दुसरी ओळ उगवत होती. गाणं संपलं. 

आधी आलोक बोलला. म्हणाला, गाणारी एकच आहे, पण मागाहून आवाज दुहेरी केलाय. एक-दोघांनी माना डोलावल्या.

“दोघी आहेत,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “पहिली श्वास घेते तिथं दुसरी आधीच उभी असते. हे यंत्राचं काम नाही. वर्षानुवर्षं एका चुलीवर भाकरी थापलेल्या बायांनाच असं जमतं.”

त्यांनी गाणाऱ्यांची नावं विचारली. उज्वलानं फोन पुढं केला. संग्रहाचं नाव ‘गावरान भक्तिगीते’, वर कुठल्याशा देवीचं गुळगुळीत चित्र आणि गायकाच्या जागी एकच शब्द: पारंपरिक.

“पारंपरिक नावाची बाई कुठं राहते?” चंद्रप्रभाबाईंनी विचारलं. लोक हसले, बाई हसल्या नाहीत.

गाणं कसं सापडलं, तेही उज्वलानं सांगितलं. बसमध्ये तिची गाणी संपली होती आणि फोन आपल्या मनानं पुढचं वाजवत होता. खिडकीबाहेर कापूस, आत कंडक्टरची आरडाओरड, आणि मध्येच हे. तिनं घाईघाईनं ते जतन करून ठेवलं. त्यानंतर फोननं ते पुन्हा कधी पुढं आणलं नाही. यासारखंच दे म्हटलं तर डीजेवरची देवीची गाणी आणून आदळली. यंत्राची ही फजिती ऐकून बाईंना बरं वाटलं. पण दुपारभर त्या अस्वस्थ होत्या. मांजरा काही दूर देशाची नदी नव्हे. आपल्याच मुलखात दोघी जणी असं गातात आणि ज्या कानाचा आपण एवढा तोरा मिरवला त्या कानावर ते कधी आलं नाही. आलं ते एका यंत्रानं चुकूनमाकून टाकलं म्हणून.

संध्याकाळच्या आत त्यांनी लातूरला गुरुबसप्पांना फोन लावला. गुरुबसप्पा हे त्यांच्यासारखेच निवृत्त संगीतशिक्षक, मूळचे निलंग्याकडचे, घरात कानडी बोलणारे. बाईंनी फोनवरूनच गाणं ऐकवलं. गुरुबसप्पांनी ते दोनदा ऐकलं. ‘अव्वा’ हा शब्द कानडी असला तरी चाल आपल्याकडचीच आहे, आणि पाणी असं ओढून म्हणतात ते औराद शहाजानीच्या पट्ट्यात, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या भावकीतले मडिवाळप्पा त्याच पट्ट्यात गावोगाव बांगड्या विकत फिरायचे. बांगडीवाल्याला कुठल्या घरातली बाई गाते ते ठाऊक नसेल तर कुणाला असणार? मडिवाळप्पांनी पहिली ओळ ऐकली आणि सांगितलं, “ही चतुराबाई.”

पंचमी होऊन गेल्यावर ते निघाले. गाडी आलोकची, मागं बाई आणि उज्वला. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. आलोकच्या फोनवर एकामागून एक गाणी वाजत होती. अहमदपूर यायच्या आत बाईंनी तो बंद करायला सांगितला. चाकूर जवळ आलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं की मघाशी तो सारंगीवाला होता तो कोण. आलोकनं नुसतं नाव सांगितलं. काकूला कुठं चिडवायचं आणि कुठं नाही, हे तो जाणून होता. लातूरला गुरुबसप्पांना गाडीत घेतलं आणि दुपारपर्यंत ते चतुराबाईंच्या गावात पोचले.

चतुराबाईंचं घर रस्त्याला लागूनच होतं, पक्कं, अंगणात ट्रॅक्टर. त्यांचा मुलगा भागवत यानं पाहुण्यांना खुर्च्या टाकल्या. चतुराबाई आतून आल्या. उंच, सरळ कण्याच्या, इरकली लुगड्यातल्या. सत्तरी ओलांडलेली असावी, पण चालीत ती दिसत नव्हती. कोण, कुठले, कशासाठी, हे त्यांनी उभ्यानंच विचारून घेतलं आणि मग बसल्या. त्यांचं गाणं फोनात आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी पंचमीला कुणी बाहेरची माणसं मशिन घेऊन आली होती, फेराची गाणी भरून घेऊन, चहा पिऊन गेली होती. पुन्हा कुणी फिरकलं नव्हतं.

उज्वलानं फोन त्यांच्या हातात दिला आणि गाणं लावलं.

 आपलाच आवाज ऐकताना माणूस लाजतं किंवा हसतं. चतुराबाई यातलं काही करत नव्हत्या, नीट पारखून ऐकत होत्या. दुसरी ओळ आली, मागचा आवाज उगवला, आणि त्यांनी फोन कानाशी नेला. दारात भागवत उभा होता, तो आत आला.

“सिंधुकाकी,” भागवत म्हणाला.

सिंधु ही चतुराबाईंची धाकटी जाऊ. दोघी एकाच मांडवात, दोन भावांच्या बायका म्हणून या घरात आल्या होत्या. शेतात, ओढ्यावर, जात्यावर, फेरात, जिथं एक तिथं दुसरी. एक गाणं सोडायची, दुसरी झील धरायची. कोरोनाच्या लाटेत सिंधु लातूरच्या दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. घरच्यांना शेवटचं बोलणंही झालं नव्हतं. तिचा फोटो घरात होता. आवाज कुठं उरला असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गाणं संपलं तशा चतुराबाई म्हणाल्या, “परत लावा.”

परत लावलं. मग पुन्हा एकदा. शेजारच्या बायका दारात जमल्या, कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. चतुराबाईंचे डोळे कोरडे होते. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि पाहुण्यांकडे पाहिलं.

“मी गाती, हे मला मालूम होतं,” त्या म्हणाल्या. “सिंधी लई चांगली गाती, हेबी मालूम होतं. लोकाला आता कळून राहिलं, एवढंच.”

चंद्रप्रभाबाईंना ही बाई फार आवडली. खरं सांगायचं तर त्यांना तिच्या जागी आपणच बसल्यासारखं वाटलं. त्यांनी नांदेडला झालेला वाद सांगितला, एक आवाज की दोन, आणि आपण दोन म्हणालो तेही सांगितलं. चतुराबाईंनी भुवई उंचावली.

“मंग एक सांगा. एका जागी सिंधीला ठसका आला व्हता. तितं तिची ओळ मीच गायलेय. कुटं, ते वळखलं का?”

आलोक खुर्चीत पुढं सरकला. गुरुबसप्पांनी चष्मा काढला. चंद्रप्रभाबाईंनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं नाही. डोळे मिटून त्यांनी ते मनात चालवलं.

“घागर डोक्यावर घेते त्या कडव्यात,” त्या म्हणाल्या. “तिथं श्वासाला जागा राहिलेली नाही. एकटीच आहे, म्हणून धाप लागलीय.”

चतुराबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “बाई, तुमचा कान खरा हाय.”

चंद्रप्रभाबाईंना आयुष्यात शाली मिळाल्या होत्या, श्रीफळं मिळाली होती, एकदा महापौरांच्या हस्ते चांदीची वीणाही मिळाली होती. परतीच्या वाटेवर त्या गाडीत मान ताठ ठेवून बसल्या होत्या आणि उज्वलाला माहीत होतं की ते कशामुळे.

नांदेडला येऊन गाण्याचं आमंत्रण चतुराबाईंनी घेतलं, पण दोन अटी घातल्या. एक म्हणजे आधी सोयाबीनची रास होऊ द्यायची. दुसरी, फोनात ते जे काय पारंपरिक लिहिलंय ते पुसून तिथं दोघींची नावं यायला हवीत. एकीचं असेल तर राहू द्या, असं त्यांनी बजावलं. आलोकनं फोनवर गाणी पुरवणाऱ्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं नाही, पुन्हा लिहिलं. आपण ज्या यंत्राची एवढी वकिली केली त्याच्या मागं दाद घ्यायला माणूस सापडत नाही, हे त्याला पहिल्यांदाच टोचलं. पण तोही काकूचाच पुतण्या, हट्ट सोडणारा नव्हे. दिवाळीच्या तोंडावर नावं आली. आधी ‘चित्राबाई’ आलं, ते त्यानं दुरुस्त करून घेतलं, आणि मग दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसली. त्यानं ती भागवतला पाठवली. भागवतनं आईला वाचून दाखवली आणि ती म्हणाली, आता येते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला. पुढच्या खोलीत मावणार नाही हे उघड होतं, म्हणून बाईंनी आपल्या जुन्या शाळेचं सभागृह मागून घेतलं. मंडळाची जुनी माणसं गुडघे सांभाळत आली. विष्णुपुरीहून आलोकचे विद्यार्थी आले. हदगाव आणि हिमायतनगरच्या शिक्षिका आल्या. यातल्या बऱ्याच जणांना हे गाणं एकमेकांच्या फोनवरून आधीच पोचलं होतं. आलेली माणसं पाहून बाईंनी आणखी सतरंज्या मागवल्या.

चतुराबाई मंचावर बसल्या नाहीत. मंच कशाला, म्हणून खाली लोकांतच जागा करून बसल्या. सोबत आलेल्या गावच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. चतुराबाईंनी दोन-तीन गाणी म्हटली, लग्नातली, सुगीतली. आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत जाऊन भिंतीला लागत होता. मग मांजरेचं गाणं आलं.

पहिली ओळ त्यांनी सोडली आणि त्या थांबल्या. ठेका चालू होता, गाणं नव्हतं. लोकांना वाटलं, विसरल्या. बसलेल्यांत चंद्रप्रभाबाईंनाच कळलं की हे विसरणं नव्हे. चतुराबाई सिंधुची जागा रिकामी सोडत होत्या. तेवढा वेळ गेल्यावर त्यांनी पुढची ओळ घेतली, पुन्हा थांबल्या. पोकळ जागेतून नुसत्या टाळ्या ऐकू येत होत्या आणि ते ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या कडव्याला त्या रिकाम्या जागेत आवाज आला.

तो उज्वलाचा होता. ती मागं बायकांत बसली होती, मान खाली घालून झील धरत होती. हदगाव ते हिमायतनगर, रोजच्या बसमध्ये तिनं त्या गाण्याची ओळ न् ओळ घोटली होती. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, बाईंनाही नाही. चतुराबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी पुढची ओळ थोडी चढवून सोडली, पाहूया तरी म्हणून. उज्वलानं ती उचलली, सूर पडू दिला नाही. मग चतुराबाईंनी हात मागं करून तिला बोलावलं आणि जवळ बसवून घेतलं, आणि गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

चंद्रप्रभाबाई पहिल्या रांगेत होत्या. आपल्या विद्यार्थिनीकडे पाहताना त्यांचा चेहरा असा झाला की शेजारच्या गुरुबसप्पांनी पाहिलं आणि शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

गाणं झाल्यावर लोक उभे राहिले. त्या गलक्यात चतुराबाईंनी उज्वलाला विचारलं, “कुणी शिकवलं गं तुला?”

“झील धरायला बाईंनी शिकवलं,” उज्वला म्हणाली. “ही झील मात्र सिंधुकाकींनी. फोनातून.”

चतुराबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

त्या रात्री चतुराबाई चंद्रप्रभाबाईंकडेच राहिल्या. सकाळी आलोक त्यांना गावी सोडायला गाडी घेऊन आला तेव्हा दोघी सतरंजीवर चहा पीत होत्या आणि मध्ये बाईंचा फोन ठेवलेला होता. फोन सतरंजीवर कसा, हा प्रश्न आलोकच्या ओठांवर आलाच होता. बाईंनी तो आधीच ओळखला.

“तुझ्या यंत्रानं दार दाखवलं, हे मी मान्य करते,” त्या म्हणाल्या. “पण त्याला त्या दारामागं कोण राहतं ते ठाऊक नव्हतं आणि विचारायचीही गरज वाटली नाही. ते आपल्याला करावं लागलं. आणि ते गाणं एरवी मला नसतं सापडलं, हेही खरं. एवढंच मिळेल तुला.”

आलोकला तेवढं पुष्कळ होतं. सामान गाडीत ठेवायला तो वळला. फोनमधलं मांजरेचं गाणं संपलं होतं आणि फोन आपल्या मनानं पुढं गेला होता. कुण्या अनोळखी मुलखातल्या पुरुषाचा आवाज होता, भाषा दोघींनाही कळत नव्हती. चतुराबाईंनी कप खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“गळा चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “पर लई घाई करून राहिला.”

“दुसऱ्या ओळीला,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

“हाव, दुसऱ्याच ओळीला. लावा बरं पुन्यांदा.”

आलोक गाडी सुरू करून बाहेर थांबला. बराच वेळ कुणी आलं नाही, तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं.